मुजावर मॅडमचं ‘माहीत नाही’

“शेंगाचटणी खाता का?”

आमच्या दातांच्या कॉलेजात तोंड दाखवायला आलेल्या माणसाला मुजावर मॅडम आधी हे विचारायच्या. नाव, वय, तंबाखू किती वर्षं खाता, हे सगळं नंतर. माणूस गोंधळायचा. गालाच्या आत काहीतरी पांढरं दिसतंय म्हणून तो घाबरत घाबरत आलेला असायचा, आणि समोरच्या ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाई त्याच्या जेवणाची चौकशी करत असायच्या.

“खात होतो की,” तो म्हणायचा. “पण आता दोन-तीन महिने झाले, लई झोंबती. सोडली.”

मॅडम आमच्याकडे बघायच्या. तो उठून गेला की म्हणायच्या, “सोलापूरचा माणूस उगीच चटणी सोडत नाही. तोंडाच्या आतली कातडी बिघडायला लागली की पहिलं तिखट झोंबतं. पेशंटला ते सांगावंसं वाटत नाही, कारण त्याला तो आजार वाटत नाही. म्हणून आपण विचारायचं.” तपासताना प्रत्येकाला त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला लावायच्या. गुटखा खाणाऱ्या पोरांची दोन बोटंही आत जायची नाहीत. पंचवीस वर्षांचा धडधाकट मुलगा स्वतःच्या बोटांकडे असा बघत राहायचा, जणू ती अचानक जाड झाली आहेत.

मी मॅडमच्या हाताखाली तीन वर्षं होते. आमचा विषय म्हणजे तोंडातला तुकडा काढून, त्याचे पातळ काप करून, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजार ओळखायचा. हा विषय आपणहून कुणी घेत नाही. मीही घेतला नव्हता. मला वाकडे दात सरळ करायला शिकायचं होतं, पण तितके मार्क पडले नाहीत. मॅडमना हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं असावं.

“तुला तारा लावायच्या होत्या ना?” त्या म्हणाल्या. “नाही मिळालं. बस. तीन महिन्यांत कंटाळलीस तर सांग, मी चांगली चिठ्ठी लिहून देते. गाव कुठलं?”

“मंगळवेढा.”

“ठीक आहे, मंगळवेढा. एप्रन घाल.”

त्या दिवसापासून मी मंगळवेढा झाले. माझ्या वर्गात एक बार्शी होता, एक अक्कलकोट होती. मॅडमना आमची नावं पाठ होती, परीक्षेच्या फॉर्मवर त्या बरोबर लिहायच्या, पण हाक मारायच्या ती गावानं. अक्कलकोटशी कानडीतून बोलायचा त्यांचा प्रयत्न असायचा, आणि तो ऐकून अक्कलकोट हसू दाबत स्लाइडवर वाकायची.

आमची प्रयोगशाळा कॉलेजच्या मागच्या बाजूला होती. तुकडा मेणात बसवून त्याचे काप करायचं जे यंत्र असतं, त्यातून निघणारी पट्टी कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असते. जरा वारं आलं की उडते. त्यामुळे काप करताना पंखा बंद. मे महिना, सोलापूर, दुपारचे दोन आणि पंखा बंद. घाम चष्म्यावरून ओघळायचा, तरी मॅडम ब्रशच्या टोकानं ती पट्टी उचलून कोमट पाण्यावर अलगद सोडायच्या. त्या वेळी दारातून कुणी मोठ्यानं बोललं तरी त्यांना खपायचं नाही. एकदा प्राचार्य आले, तर त्यांनाही हातानंच थांबवलं.

मॅडम ज्या प्रश्नामागे होत्या तो सांगायला सोपा आहे. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी पुष्कळांच्या तोंडात पांढरे चट्टे पडतात. बहुतेकांचा चट्टा वर्षानुवर्षं तसाच राहतो. काहींचा सवय सोडल्यावर जातो. आणि काहींचा कॅन्सर होतो. कुणाचा होणार हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखालीही दर वेळी कळतंच असं नाही. पण पेशींमध्ये काही प्रथिनं असतात, त्यांना एक विशिष्ट रंग देता येतो. विभागणाऱ्या पेशी साधारणपणे तळच्या थरात असतात, त्या रंगानं तपकिरी दिसतात. तो तपकिरी रंग वरच्या थरांपर्यंत चढलेला दिसला तर काहीतरी शिजतंय, असा संशय घ्यायला जागा असते. आम्ही त्याला मार्कर म्हणायचो. मॅडमनी जुन्या पेशंटचे मेणाचे ठोकळे कपाटात जपून ठेवले होते. एकेक काढून त्याला मार्करचा रंग द्यायचा, आणि मग तो पेशंट आज कुठे आहे, कसा आहे, हे शोधून काढायचं. चट्ट्यात आधीच काही लिहिलेलं होतं का, ते असं मागे जाऊन वाचायचं.

त्यासाठी माणसं सापडायला हवीत. म्हणून मॅडम प्रत्येकाकडून दोन फोन नंबर घ्यायच्या. “एक तुमचा,” त्या म्हणायच्या, “आणि एक अशा माणसाचा, ज्याच्याशी तुमचं भांडण होणार नाही.” या दुसऱ्या नंबरावर पेशंट फार विचार करायचे. एका गृहस्थांनी बायकोकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि शेवटी किराणा दुकानदाराचा नंबर दिला.

सगळं विचारून, तपासून झालं की पेशंट तो एकच प्रश्न विचारायचा, आणि मॅडम त्याला ते एकच उत्तर द्यायच्या. ते उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं ते राजव्वाच्या वेळी.

राजव्वा भवानी पेठेतली. विड्या वळायची, आणि मिश्री लावायची. घरात तेलुगू बोलणं, मराठी तोडकं. सोबत मुलगा होता, यंत्रमागावर काम करणारा. तिच्या गालात चट्टा होता; जाड, खडबडीत, पार मागपर्यंत पसरलेला. आधी जिथे दाखवलं होतं तिथे मोठं ऑपरेशन सांगितलं होतं. गालाचा बराच भाग काढावा लागेल, मांडीची कातडी लावावी लागेल. बाईनं घरातल्या चाव्या सुनेकडे देऊन टाकल्या होत्या.

मॅडमनी तीन ठिकाणचे तुकडे घेतले. नेहमीच्या तपासणीत देतात त्या साध्या रंगात कुठेही कॅन्सर नव्हता. मार्करच्या रंगातही तपकिरी ठिपके जिथे असायला हवेत तिथेच, तळाशी, शहाण्यासारखे बसलेले.

“म्हणजे आईला कॅन्सर होणार नाही?” मुलानं विचारलं.

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या.

मुलगा उठून उभा राहिला. “मॅडम, मग कुणाला माहीत आहे ते तरी सांगा. आम्ही तिकडं जातो.”

“कुणालाच नाही. आणि जो म्हणेल मला माहीत आहे, त्याच्याकडे आईला नेऊ नका. बसा. मला जे माहीत आहे ते सांगते. आज कॅन्सर नाही. एवढं मोठं कापायची आज गरज दिसत नाही. मिश्री आजपासून बंद. दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं. मधे कुठे फोड आला, कडक लागलं, रक्त आलं, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं.”

राजव्वा येत राहिली. मिश्री सोडताना तिनं दोन महिने घर डोक्यावर घेतलं, पण सोडली. दोन वर्षांत तो चट्टा निम्म्याहून कमी झाला. अशाच एका भेटीत तपासून झाल्यावर ती सुनेला तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दोघी तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. मॅडमनी मुलाकडे बघितलं. तो ओशाळला.

“आई म्हणती, दोन वर्षं झाली, ह्या बाईंना अजून काय माहीतच होईना.”

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. पुढे कुणी आमच्या विभागाची थट्टा केली की त्या हीच गोष्ट सांगायच्या.

मॅडम रागवायच्या कमी, पण त्यांची शिक्षा लक्षात राहायची. स्लाइडवर पेशंटचा नंबर पेन्सिलीनंच लिहायचा, असा नियम होता. पेनाची शाई रसायनात धुऊन जाते. एकदा घाईत मी बारा स्लाइड पेननं लिहिल्या. रंग देऊन बाहेर काढल्या तर बाराही काचांवरचे नंबर गायब. मी रडकुंडीला आले. मॅडमनी जुन्या, साध्या रंगातल्या स्लाइड मागवल्या, आणि एकेक शेजारी ठेवून तुकड्याच्या आकारावरून ओळखायला लागल्या. “हा बघ, हा गाजरासारखा. हा कडेला फाटलाय, म्हणजे हा तो रिक्षावाला.” अर्ध्या तासात बाराही ओळखल्या. मी सुटकेचा श्वास टाकला आणि पेन्सिल घेऊन नंबर लिहायला लागले.

“काय करतेस?”

“नंबर लिहिते, मॅडम. तुम्ही ओळखल्या ना.”

“मी ओळखल्या म्हणजे त्या त्याच आहेत, असं कुणी सांगितलं? टाकून दे. नवे काप घे.”

पुढचे नऊ दिवस मी पंखा बंद करून बसले होते.

मॅडम या कामात एवढ्या का गुंतल्या याबद्दल आम्हा विद्यार्थ्यांची एक कथा होती. त्यांचे वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले, त्यांच्या चट्ट्याला कुणीतरी ‘काही नाही’ म्हणालं होतं, आणि म्हणून ही बाई जन्मभर चट्ट्यांच्या मागे लागली. ही कथा आम्हाला आमच्या आधीच्या मुलांनी सांगितली होती आणि आम्ही पुढच्यांना सांगत होतो. एका ईदला मॅडमनी आम्हाला घरी बोलावलं. दार एका उंच, ताठ म्हाताऱ्यांनी उघडलं. हातात मटणाची नळी होती.

“बेबी,” ते आत बघून ओरडले, “तेरे बच्चे आये!”

ते मॅडमचे अब्बा. वय एक्क्याऐंशी, बत्तिशी शाबूत. जन्मात सुपारीचं खांडसुद्धा न खाल्लेला माणूस. बार्शी तर त्यांच्याकडे भूत बघितल्यासारखा बघत राहिला. जेवताना ते आम्हाला म्हणाले, “ये दिनभर क्या करती वहाँ? मैं पूछा तो बोलती, लोगां के मुँह देखती!” परतताना जिन्यात अक्कलकोटनं धीर करून मॅडमना विचारलंच, मग तुम्ही हा विषय का घेतला?

“मलाही तारा लावायच्या होत्या,” मॅडम म्हणाल्या. “नंबर लागला नाही.”

त्यांच्याकडे शिकवायच्या स्लाइडची एक लाकडी पेटी होती. नव्या मुलांना त्या पेटीतली पहिली स्लाइड त्या न बोलता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या. मलाही ठेवली होती.

“काय दिसतं?”

मी बराच वेळ बघितलं. “मार्कर तळाशीच आहे, मॅडम. वरचे थर शांत आहेत.”

“मलाही शांतच दिसले होते. ह्या माणसाला चार महिन्यांत कॅन्सर झाला.”

तो माणूस म्हणजे मल्लिनाथ, सात रस्त्याजवळ घड्याळं दुरुस्त करणारा. जिभेच्या कडेला नखाएवढा चट्टा. साधा रिपोर्ट सौम्य, मार्कर शांत. मॅडमनी त्याला सहा महिन्यांनी यायला सांगितलं. तो चौथ्या महिन्यात जखम घेऊन आला. जिभेचा एक भाग काढावा लागला. वाचला, पण बोलणं बोबडं झालं. तो दवाखान्यातून घरी गेल्यावर मॅडम त्याच्या दुकानात गेल्या. हे मला मल्लिनाथनंच पुढे सांगितलं. तो वर्षातून एकदा तपासायला यायचा, आणि त्याचं बोलणं कान देऊन ऐकलं की कळायचं. मॅडम दुकानासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “मल्लिनाथ, मी सहा महिने सांगायला नको होते. माझं चुकलं.”

त्यानं डोळ्याचं भिंग काढून ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, “सहा महिने म्हणाला होता, व्हय. पण फोड आला तर त्याच दिवशी या, असंबी म्हणाला होता. म्हणून तर आलो. न्हायतर मी कुठला येतोय.”

मॅडमनी त्यानंतर आपली पद्धत बदलली. जिभेच्या कडेचा चट्टा असेल तर मार्कर काहीही म्हणो, तीन महिन्यांनी बोलवायचं. ती स्लाइड मात्र पेटीत पहिल्या जागेवरच राहिली.

आता भानुदासची गोष्ट. ती माझ्या समोर घडली, आणि मॅडम म्हटल्या की मला आधी तीच आठवते.

भानुदास श्रीपूरचा. साखर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. वय चौतीस. पावसाळ्यात, हंगाम नसताना, तो दाढ काढायला आमच्या कॉलेजात आला होता. दाढ काढणाऱ्याला खालच्या ओठाच्या आत, तंबाखूची गोळी ठेवायच्या जागी चट्टा दिसला, म्हणून त्याला आमच्याकडे पाठवलं. तुकडा घेतला. साधा रिपोर्ट: सौम्य बिघाड. भानुदासला तीन महिन्यांनी यायला सांगितलं आणि तो गेला.

त्याचा ठोकळा माझ्या प्रबंधाच्या यादीत आला. मी मार्करचा रंग दिला आणि स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तळापासून पार वरच्या थरांपर्यंत तपकिरी. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

“पुन्हा कर.”

मी पुन्हा केलं. पेन्सिलीनं नंबर लिहून. तेच दिसलं.

मॅडम ती स्लाइड घेऊन शस्त्रक्रिया विभागाच्या सरांकडे गेल्या. सर चांगले होते, पण कामाच्या ढिगाऱ्यात बुडालेले. “मॅडम, तुमचाच रिपोर्ट सौम्य आहे,” ते म्हणाले. “मार्कर हे अजून संशोधन आहे. त्यावर मी ऑपरेशन कसं करू?”

“बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “हे सिद्ध झालेलं नाही.”

“मग?”

“मग काही नाही. मी त्याला बोलावते. पुन्हा बघू.”

तीन महिने होऊन गेले होते आणि भानुदास आला नव्हता. त्याचा फोन बंद. दुसरा नंबर, म्हणजे ज्याच्याशी भांडण होणार नाही अशा माणसाचा, त्याच्या बहिणीचा होता. ती म्हणाली, “सीझन सुरू झालाय न्हवं, त्यो रातध्याड ट्रॅक्टरवरच हाय. फोन फुटलाय त्याचा. सांगते की.” तिनं सांगितलं असावं. आठवडा गेला, तो आला नाही. पुन्हा फोन, पुन्हा “सांगते की”.

शनिवारी मॅडम मला म्हणाल्या, “मंगळवेढा, उद्या काय करतेस?”

रविवारी सकाळी आम्ही एसटीत बसलो. पंढरपूरला गाडी बदलली. मॅडमच्या पर्समध्ये रबरी हातमोजे आणि एक छोटा टॉर्च होता. वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “काही नसलं तर बरं. आपण उगाच आलो असं झालं तर फारच बरं.”

कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. दोन-दोन ट्रॉल्या, वरपर्यंत ऊस, हवेत मळीचा आंबूस वास. ड्रायव्हर लोक सावलीला बसलेले, आणि ही ठेंगणी बाई डोक्यावर ओढणी घेऊन एकेका ट्रॅक्टरपाशी थांबून विचारत चाललेली, “भानुदास कुठे आहे?”

तो रांगेत बराच मागे होता. मॅडमना बघून ट्रॅक्टरवरून खाली उतरला.

“म्याडम? तुमी हितं कशाला?”

“तुमचं तोंड बघायला.”

आजूबाजूचे हसले. भानुदासही हसला, पण ओशाळून. मॅडमनी त्याला ट्रॅक्टरच्या पायरीवर बसवलं, कारण उभा राहिला असता तर त्यांचा हात पोचला नसता. मोजे घातले, टॉर्च माझ्या हातात दिला. ओठ खाली ओढून चट्टा बघितला. बोटानं चट्ट्याची कडा दाबली. सगळीकडून दाबली आणि एका कोपऱ्यात बोट थांबलं. तिथे परत दाबलं.

“इथं दुखतं?”

“न्हाय, काय बी दुखत न्हाय.”

“हं.” मॅडमनी मोजे काढले. “उद्या सोलापूरला या. अजून एक तुकडा घ्यायचाय.”

“उद्या?” भानुदासनं रांगेकडे हात केला. “म्याडम, माझी गाडी थांबली तर फडात ऊस तोडणारी टोळी बसून राहती. मार्च संपू द्या, आलोच म्हणून समजा.”

मॅडम वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी घड्याळ बघितलं. “तुमचा नंबर कधी लागणार?”

“चार तरी वाजत्याल.”

“मी बसते,” त्या म्हणाल्या, आणि चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर जाऊन बसल्या.

आम्ही तिथे चार तास बसलो. पहिला तास ड्रायव्हर लोक लांबून बघत होते. मग एक जण आला, “आमचं बी बघा की, बाई.” मग दुसरा. मॅडमच्या पर्समधले मोजे संपले, मग नुसत्या टॉर्चनं बघितलं. एकोणीस तोंडं बघितली त्या दिवशी. प्रत्येकाला पहिला प्रश्न, शेंगाचटणी खाता का. टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, स्वतःचंही तोंड दाखवलं.

साडेचारला भानुदास काट्यावरून वजन करून आला. टोपी हातात होती. हसणं गेलं होतं.

“म्याडम, खरं सांगा. मला क्यान्सर हाय का?”

“माहीत नाही.”

त्यानं हातातली टोपी उलटीपालटी केली.

“तुमच्या पहिल्या तुकड्यात नव्हता,” मॅडम म्हणाल्या. “पण त्यातला रंग मला आवडला नाही. आणि आज कडेला एक जागा कडक लागली. कदाचित काही नसेलही. मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायला मार्चपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.”

भानुदासनं माझ्याकडे बघितलं, पुन्हा मॅडमकडे बघितलं. “तुमी एवढ्यासाठी सोलापूरवरनं आला?”

“हो.”

“सुट्टीच्या दिशी?”

“हो.”

त्यानं शेजारच्याचा फोन मागितला आणि मेव्हण्याला लावला. “दाजी, दोन दिस गाडी तुमी मारा,” तो म्हणाला. “न्हाय, काय झालं न्हाय. बघायला जातोय.”

सोमवारी तो आला. मॅडमनी त्या कडक कोपऱ्यातूनच तुकडा घेतला. चौथ्या दिवशी स्लाइड तयार झाली. तळच्या थराला एका ठिकाणी, अगदी एकाच ठिकाणी, भोक पडलं होतं आणि पेशी नुकत्या खाली उतरायला लागल्या होत्या. कॅन्सर होता, पण उंबऱ्यावरच होता.

सरांनी त्याच आठवड्यात ऑपरेशन केलं. ओठाच्या आतला भाग आणि खबरदारी म्हणून मानेतल्या काही गाठी काढल्या. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, गाठीत काही गेलंय का, हे आमच्याच विभागात बघायचं होतं. ते दिवस मी विसरणार नाही. मॅडम शिपायाशी विनाकारण भांडल्या. डबा न उघडता परत नेला. सूक्ष्मदर्शकाची भिंगं दिवसातून चारदा पुसली. स्लाइड तयार झाल्या तेव्हा त्यांनी ट्रे माझ्यासमोर सरकवला.

“आधी तू बघ. मी बघितलं तर मला हवं तेच दिसेल.”

मी एकेक बघत गेले. मॅडम खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या. शेवटची स्लाइड बघून मी म्हणाले, “सगळ्या कडा स्वच्छ आहेत, मॅडम. गाठीत काही नाही.”

“सगळ्या बघितल्यास?”

“सगळ्या.”

मग त्या बसल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळ्या स्वतः बघितल्या. पाच वाजायला आले. शेवटची काढून ठेवली, उठल्या, कोपऱ्यातल्या सिंकपाशी जाऊन चेहऱ्यावर पाणी मारलं आणि तसाच ओला, निथळता चेहरा घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“चल,” म्हणाल्या, “जेवू. मला फार भूक लागलीय.”

भानुदास तीन आठवड्यांनी टाके दाखवायला आला तेव्हा त्यानं विचारलं, “गेला का मग त्यो?”

“आज कॅन्सर नाही,” मॅडम म्हणाल्या. “पुढचं...”

“माहीत न्हाय. ठावं हाय की,” भानुदास म्हणाला, आणि दोघं हसले. पुढच्या हंगामात तो पुन्हा ट्रॅक्टरवर होता. तंबाखू सोडली होती. रांगेतल्या आणखी तिघांनी सोडली. बाकीच्यांनी नाही.

प्रबंध लिहिताना मी भानुदासवर चांगली दोन पानं लिहिली होती. मॅडमनी ती दोन्ही पानं काढून टाकली. “एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. आकड्यात धर, बास.”

“पण मॅडम, आपण श्रीपूरला गेलो म्हणून...”

“आपण तिकडे सिद्ध करायला गेलो नव्हतो,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटलं.

मी आता मंगळवेढ्यात दवाखाना चालवते. दात काढते, दात बसवते, आणि प्रत्येकाच्या तोंडाचा कानाकोपरा बघते. शंका आली की तुकडा घेऊन सोलापूरला पाठवते. मॅडम निवृत्त झाल्या. मधे फोन झाले, भेट मात्र राहून गेली.

परवा सामान आणायला सोलापूरला गेले होते. सात रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, एक टेम्पोवाला अर्धा बाहेर येऊन ओरडत होता. चौकाच्या मधोमध ड्रायव्हिंग स्कूलची एक छोटी पांढरी गाडी बंद पडली होती. शिकवणारा माणूस कपाळाला हात लावून बसला होता. शेजारी, सीट पार पुढे ओढून, हनुवटी जेमतेम स्टिअरिंगच्या वर आलेली, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून मुजावर मॅडम बसल्या होत्या.

मी गाड्यांमधून वाट काढत धावले. काचेवर टकटक केलं. त्यांनी मान वळवली, मला ओळखलं, आणि तोंडभर हसून काहीतरी म्हणाल्या. काच वर होती, हॉर्नच्या गोंगाटात मला काही ऐकू आलं नाही. पण चाकावरचे हात त्यांनी काही काढले नाहीत. पुन्हा समोर बघितलं, किल्ली फिरवली. गाडीनं एक गचका दिला, दुसरा दिला आणि निघाली. डाव्या बाजूचा दिवा लुकलुकत होता, आणि मॅडम सरळ उजवीकडे वळल्या.